भोगीच्या दिवशी होडीची झडती



यंदाही भोगीला आमच्या घरी दोन कामं एकाच दिवशी आहेत. सकाळी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटे, वांगी, गाजर, ओला हरभरा घातलेली भाजी. दुपारी लेकीच्या होडीची झडती. चेन्नईला लग्न होऊन आले तेव्हा इथेही भोगी आहे, तीही नेमकी त्याच दिवशी, याचं मला फार नवल वाटलं होतं. फरक एवढाच की आपली भोगी खाण्याची, इथली टाकण्याची. पोंगलच्या आदल्या दिवशी घरातलं जुनंपानं बाहेर काढायचं. पहाटे ते जाळतातही, आणि त्या दिवशी शहरावर धुराची जी चादर पसरते त्याबद्दल दरवर्षी सूचना निघतात. आम्ही जाळत काही नाही, कारण आमचं जुनंपानं म्हणजे नायलॉन आणि पॉलिएस्टरचे दोर. पण काढतो मात्र नक्की.

तुमच्यापैकी काहींची मुलंही शिडाच्या होड्या चालवतात, आणि ज्यांची नाहीत ते विचारतात, "समुद्राकाठी बाराही महिने उन्हाळा, मग तयारी कसली?" म्हणून आजचा लेख तयारीवर.

मी मालवणकडची. आमच्याकडे समुद्राचं वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू होतं. जूनच्या आधी होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, श्रावणात नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात लोटायच्या. इथे आल्यावर हे पंचांग अगदी उलटं झालं. जून-जुलैत मालवणात दर्या खवळलेला, तेव्हा इथे नुसतं ऊन. आणि तिकडे दिवाळीत समुद्र शांत होतो, तेव्हा इथे ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळं. 12 डिसेंबर 2016 ला वरदा थेट चेन्नईवरून गेलं. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग किनाऱ्याजवळून सरकलं आणि शहर पाण्यात बसलं. मासेमारीबंदीसुद्धा वेगळी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, इथे 15 एप्रिल ते 14 जून. दोन्हीकडे 61 दिवसच. त्या दिवसांत कासिमेडूच्या मासेमारी बंदरात गेलात तर ओळीने होड्यांची दुरुस्ती चाललेली दिसते.

आम्हा हौशी मंडळींची सुट्टी मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर. होडी उलटी घालून जमिनीला बांधलेली, शीड गुंडाळून घरात, डोलकाठी भिंतीला. मग थै महिना लागतो. 'थै जन्मला की वाट जन्मते' अशी इथे म्हण आहे. पाऊस सरतो, ईशान्येचा वारा सौम्य आणि एकसारखा होतो, आणि मार्चपर्यंत हळूहळू फिरत आग्नेयेकडे जातो. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या सुमाराला समुद्रावरून झुळूक सुरू होते खरी, पण तोवर ऊन सोसत नाही. मधे परीक्षा. म्हणजे मुलांच्या हाती खरे दहा-बारा शनिवार-रविवार. त्यातले दोन होडी नादुरुस्त म्हणून वाया गेले की मूल हिरमुसतं.

इंग्रजी मासिकांत याच कामाला 'स्प्रिंग'ची तयारी म्हणतात. तिकडे बर्फ वितळतं आणि होड्या बाहेर येतात. चेन्नईत स्प्रिंग हा ऋतू नाही, माणूस आहे! सर फ्रान्सिस स्प्रिंग हे मद्रास बंदराचे अध्यक्ष होते. त्यांनी 1911 मध्ये इथला यॉट क्लब काढला, तोच आजचा रॉयल मद्रास यॉट क्लब, आणि बंदरातला स्प्रिंगहेवन धक्का त्यांच्याच नावाचा. पुढच्याच वर्षी, 1 मार्च 1912 ला, त्यांच्या कचेरीत महिना तीस रुपयांवर एक कारकून लागला. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन. त्याचं गणित मोठ्या लोकांपर्यंत पोचावं म्हणून धडपडणाऱ्यांत हे स्प्रिंगसाहेबही होते. असो, विषय होडीचा आहे.

गेल्या वर्षी काय झालं ते आधी सांगते, कारण चूक माझी होती.

लेकीची होडी ऑप्टिमिस्ट जातीची. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं चालवतात ती, सव्वादोन मीटरच्या आसपास लांबीची, चौकोनी तोंडाची, लांबून पाहिलं तर आंघोळीच्या टबाला शीड लावल्यासारखी. 1947 मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी ती आखली. ती उलटली तरी बुडू नये म्हणून आत हवेच्या तीन पिशव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. गेल्या भोगीला मी त्या भर दुपारी उन्हात फुगवल्या, अंगठ्याने दाबून पाहिल्या, टणक लागल्या, "झालं" म्हणाले. फेब्रुवारीत एका जोरदार झोतात होडी उलटली. त्यात विशेष काही नाही, मुलं दिवसातून दोनदा उलटतात, होडी सरळ करतात, पाणी उपसतात आणि पुढे निघतात. पण या वेळी होडी सरळ झाली ती एका कुशीवर कलूनच. खालच्या काठावरून पाणी आत येतच राहिलं. ती उपसतेय, तेवढंच पुन्हा भरतंय. मदतीची बोट जवळच होती, तिला ओढून आणलं. काठावर आली तेव्हा दात वाजत होते आणि ती काही बोलत नव्हती. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

एका बाजूच्या पिशवीचं बूच हळूहळू हवा सोडत होतं. उन्हात तापलेली हवा फुगते, त्यामुळे पिशवी टणक लागली, गार पाण्यात गेल्यावर ती लुळी पडली. पिशवी पाच मिनिटांत तपासता येत नाही. संध्याकाळी सावलीत फुगवायची, रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी ऊन यायच्या आत दाबून पाहायची. सैल लागली तर बुचावर आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे कुठे येतात ते दिसतं. पट्ट्याही ओढून पाहायच्या, कारण पट्टी सुटली तर भरलेली पिशवीसुद्धा जागेवर राहत नाही. हे मला क्लबातल्या अण्णांनी सांगितलं. तीसेक वर्षं होड्या हाताळणारा माणूस. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "अम्मा, डोळ्यांनी बघू नका, हातांनी बघा."

त्यांचे वडील कट्टुमरम चालवायचे. 'कट्टु' म्हणजे बांधलेलं, 'मरम' म्हणजे लाकूड. इंग्रजीतला कॅटमरान इथूनच गेला. ओंडके एकमेकांना दोराने बांधलेले, आणि किनाऱ्यावर आल्यावर सोडून वाळत घातलेले, नाहीतर लाकूड पाणी पिऊन जड होतं. विचार करा, अशी होडी रोज बांधायची आणि रोज सोडायची म्हणजे तिचा प्रत्येक दोर रोज हातातून जायचा. कुठे झिजलाय ते बोटांना आपोआप कळायचं. आता किनाऱ्यावर बहुतेक फायबरच्या होड्या आहेत. आपली होडी आपण सोडत नाही, म्हणून तिची झडती मुद्दाम घ्यावी लागते.

दोरांपासूनच सुरू करा. प्रत्येक दोर पूर्ण सोडवून गोड्या पाण्याच्या बादलीत रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी सुकल्यावर इंचाइंचाने बोटांतून ओढा. कडक, खरखरीत, मधेच बारीक झालेला किंवा आतला गाभा दिसणारा दोर बाद. इथलं ऊन दोराची ताकद मारतं, बाहेरून रंग उडाल्यासारखा दिसतो इतकंच. बारक्या दोऱ्यांची कंजुषी मुळीच नको. शीड डोलकाठीला बांधणाऱ्या त्या वीतभर दोऱ्या दिसायला नाडीसारख्या, पण त्या तुटल्या की शीडच सैल. आणि डोलकाठी तळाच्या खाचेतून निसटू नये म्हणून जो बंध किंवा पकड असते, ती सगळ्यांत आधी पाहा. होडी पूर्ण उलटल्यावर काठी निसटली तर होडी फोडू शकते, पोरालाही लागू शकतं.

मग तळ. होडी धुऊन, पुसून, सावलीत उलटी ठेवा आणि बोटाच्या पेरांनी सगळीकडे टकटक करा, आपण कलिंगड पाहतो तसं. आवाज एकदम बोद आला की तिथे थर सुटले असण्याची शक्यता, ती जागा खडूने गोल करून जाणकाराला दाखवा. नुसत्या ओरखड्यासाठी घाबरू नका. पण पांढऱ्या थराच्या खालचे फायबरचे धागे दिसत असतील तर ते आधी पूर्ण वाळवा. आमच्या हवेत हेच अवघड. ओलं असताना वरून लेप लावला तर पाणी आत कोंडतं आणि पुढच्या वर्षी तोच लेप पापुद्र्यासारखा निघतो. जानेवारीच्या कोरड्या आठवड्यात हे उरकून घ्यावं.

धातूच्या भागांचा इथे खास छळ. ॲल्युमिनियमच्या काठीत स्टीलचा रिव्हेट असेल तिथे खारं पाणी बसलं की ॲल्युमिनियम खायला लागतं. रिव्हेटभोवती पांढरी पूड दिसली तर ती नखाने खरवडून रिव्हेट हलतो का पाहा. सुकाणू ज्या बिजागऱ्यांत बसतं त्यांचे स्क्रू घट्ट आहेत का, सुकाणू उलटल्यावर निसटू न देणारी छोटी पट्टी स्प्रिंगसारखी मागे येते का, तेही पाहा. कप्प्या फिरत नसतील तर गोड्या पाण्याने धुवा. खोबरेल तेल घालू नका! मी घातलं होतं. मरीना किनाऱ्याची निम्मी वाळू त्या कप्पीत जाऊन बसली.

घरात मोठं मूल असेल आणि त्याची होडी लेझर, म्हणजे आता जिला इल्का म्हणतात ती असेल, तर एकच गोष्ट जास्तीची सांगते. डोलकाठी ज्या नळीत बसते ती पाण्याने काठोकाठ भरा आणि चहा पिऊन या. पाणी खाली गेलं असेल तर नळीच्या तळाला चीर आहे. अशी होडी पाण्यात नेऊ नका, दुरुस्त होईपर्यंत काठावरच राहू दे. आणि मागचं छोटं बूच लावायला विसरू नका. हे बूच न लावता निघालेल्या माणसांची नावं प्रत्येक क्लबात लोकांना पाठ असतात.

शिडाबद्दल थोडक्यात. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, घडी न घालता गुंडाळा. मीठ राहिलं की ते हवेतला ओलावा ओढतं आणि काळे ठिपके येतात.

लाइफ जॅकेट मात्र मुलाच्या अंगावर घालून, खांद्यांना धरून वर उचलून पाहा. जॅकेट कानांपर्यंत वर आलं तर ते मोठं आहे. गेल्या वर्षीचं 'यंदा नीट बसेल' म्हणून एक माप मोठं घेतलं असेल, तर यंदा तरी बसतंय का पाहा. शाळेच्या गणवेशासारखं वाढत्या अंगाचं जॅकेट घ्यायचं नसतं.

एवढा खटाटोप कशाला, असं घरच्यांनी विचारलं तर दोन उदाहरणं सांगा. टोकियो ऑलिंपिकला भारताचे चार नौकानयनपटू गेले, चौघेही तमिळनाडूचे. त्यांतली चेन्नईची नेत्रा कुमनन ही नौकानयनात ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय स्त्री. दुसरं उदाहरण आपल्या माणसाचं. कॅप्टन दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून एकटे निघाले आणि पुढच्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, अशी प्रदक्षिणा एकट्याने करणारे पहिले भारतीय. नऊ महिन्यांच्या त्या प्रवासात थांबे फक्त चार: फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली आणि ती बांधली जात असताना दोंदे स्वतः त्या कामात होते. भर समुद्रात एखादा भाग तुटला तर तो कसा बसवला होता हे माहीत असलेला माणूस होडीवर असायला हवा, आणि होडीवर तर ते एकटेच.

हे वाचल्यावर मला जरा अवघडल्यासारखं झालं. आमच्या होडीत समुद्रावर मी नसते, लेक असते. आणि झडती घेत होते मी. पिशवी लुळी आहे हे तिला पाण्यात कळलं, कारण काठावर तिने तिला हातच लावला नव्हता. मी लावू दिला नव्हता.

यंदा तिने स्वतःच यादी केली आहे, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर, अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी, आणि दोराला 'कयिरु'. पहिल्या ओळीत तीन पिशव्या, पुढे 'रात्रभर' हा शब्द, खाली दोनदा रेघ. मला काम दिलंय बादल्या भरायचं आणि भाजी-भाकरी करायचं. मधेच मी डोलकाठीच्या बंधाला हात लावायला गेले तर म्हणाली, "आई, तू सांगू नकोस, मला सापडतंय का बघू." सापडेल की नाही ते भोगीला कळेल. तिच्यानंतर अण्णा एकदा हात फिरवणार आहेत, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आणि जुन्या दोरांचं काय करायचं असं विचाराल, तर टाकू नका, जाळू तर नकाच. गेल्या भोगीला बाद केलेला शिडाचा लांब दोर आमच्या बाल्कनीत बांधलाय. शीड पेलत नाही, पण ओल्या चादरी उत्तम पेलतो.