चाकांवरचा फुटबॉल

खेळ जुना असला म्हणजे त्याला आपोआप मान मिळतो आणि नवा असला म्हणजे त्याची थट्टा होते, असा जगाचा रिवाज दिसतो. पायांत चाकांचे बूट, म्हणजे रोलर स्केट्स, घालून फुटबॉल खेळणाऱ्यांच्या वाट्यालाही हीच थट्टा येते. असा एक खेळ आहे, हे ऐकताच पुष्कळ मोठी माणसे हसतात आणि “हे धड फुटबॉल नाही आणि धड स्केटिंगही नाही!” असा निकाल देऊन मोकळी होतात. मला मात्र हा खेळ हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. खेळ कशाला म्हणावे, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने या खेळाकडे क्षणभर थांबून अवश्य पाहावे.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या शहरात १९९० नंतरच्या दशकात काही हौशी मंडळींनी या खेळाला नियमांची चौकट दिली. त्यात चेंडू फुटबॉलचाच असतो आणि तो पायांनीच खेळायचा असतो. परंतु पळायचे नसते, घरंगळायचे असते. मैदान गवताचे नसून गुळगुळीत, कठीण पृष्ठभागाचे असते.

ज्या स्केट्सवर हा खेळ उभा आहे, त्यांचीही सुरुवात थट्टेनेच झाली. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक कल्पक कारागीर राहत असे. तो पायांत चाके बांधून, हातातील व्हायोलिन वाजवीत एका मेजवानीत शिरला. पण त्याला थांबता येईना आणि वळताही येईना, म्हणून तो थेट एका मोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी कथा सांगतात. पुढे १८६३ साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्टनने पुढे दोन आणि मागे दोन चाके असलेले असे स्केट्स तयार केले, की अंग ज्या बाजूला झुकवावे त्या बाजूला ते वळू लागले. आरशावर आदळणाऱ्या खेळण्याचे रूपांतर असे हळूहळू एका विद्येत झाले.

आता या खेळातील खरी अडचण पाहा. जमिनीवर फुटबॉल खेळताना आपण एक पाय घट्ट रोवतो आणि दुसऱ्या पायाने चेंडू मारतो. चाकांवर मात्र ज्या पायावर भार टाकावा, तोच पाय पळू लागतो! तेथे नुसते बळ कामाला येत नाही. तोल साधावा लागतो. मनात येताच थांबता येत नाही, म्हणून पुढच्या दोन क्षणांचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. सोबती आत्ता कोठे आहे, एवढेच पाहून भागत नाही. चेंडू पोहोचेपर्यंत तो घरंगळत कोठे जाईल, हे ओळखून चेंडू द्यावा लागतो. शिवाय धक्का देणारा आणि धक्का खाणारा असे दोघेही कठीण फरशीवर आपटण्याचा संभव असतो. म्हणून डोक्याला शिरस्त्राण आणि गुडघ्यांना व कोपरांना जाड पट्टे बांधावे लागतात आणि प्रतिपक्षाला सांभाळूनच खेळावे लागते. आपल्याशी झुंजणाऱ्याची काळजी वाहायला लावणारा खेळ थिल्लर कसा म्हणावा?

“पण ही तर दोन खेळांची खिचडी झाली,” असा पहिला आक्षेप घेतला जातो. खिचडी झाली, हे मलाही मान्य आहे. परंतु खिचडी हे काही वाईट अन्न नव्हे. आपल्या मणिपुरात लोक घोड्यावर बसून काठीने चेंडू मारीत असत. ‘सगोल कांगजेई’ हे त्या खेळाचे नाव. तो पाहून इंग्रजांनी आसामातील सिलचर येथे १८५९ साली एक मंडळ स्थापन केले आणि पुढे ‘पोलो’ या नावाने तो खेळ जगभर गेला. चेंडूचा खेळ पाण्यात उतरला, तेव्हा ‘वॉटर पोलो’ जन्माला आला आणि १९०० साली ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. घोड्यावर चढलेला चेंडू चालतो, पाण्यात उतरलेला चेंडू चालतो. मग चाकांवर आलेल्या चेंडूनेच कोणाचे काय बिघडवले?

दुसरा आक्षेप असा, की सरळ पळता येत असताना पायांना चाके लावून अडचण ओढवून का घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या लंगडीत आहे. देवाने दोन पाय दिले असताना लंगडी घालणारा गडी एकाच पायावर उड्या मारीत इतरांना पकडतो. कबड्डीपटूला श्वास घेता येत असताना तो ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत दम रोखून धरतो. फुटबॉल खेळणाराही दोन हात असून ते चेंडूला लावीत नाही. आपणहून स्वीकारलेली अडचण आणि ती सर्वांना सारखीच असावी म्हणून केलेला नियम, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे खेळ तयार होतो. या कसोटीला चाकांवरचा फुटबॉल पुरेपूर उतरतो.

“हे परदेशी खूळ आपल्याला कशाला हवे?” असेही कोणी विचारील. परंतु चाकांचे खेळ आता आपल्याला परके राहिलेले नाहीत. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत स्केट्सवरील तीन हजार मीटरच्या सांघिक शर्यतीत भारताच्या मुलींनी आणि मुलांनीही कांस्यपदके पटकावली.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मात्र खरा आहे. स्केट्स महाग असतात आणि गुळगुळीत मोकळी जागा सर्वांच्या नशिबी नसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी जागेच्या प्रश्नावर काय केले, ते सांगण्यासारखे आहे. तेथील गोल्डन गेट पार्क या उद्यानातील प्रमुख रस्त्याचा एक भाग १९६७ पासून दर रविवारी मोटारींना बंद ठेवला जाऊ लागला. चालणारे, सायकलवाले आणि स्केट्सवाले तेथे जमू लागले. २०२२ मध्ये तर तो भाग मोटारींना कायमचाच बंद झाला. आपल्या गावांत आणि शहरांत मैदाने आक्रसत चालली आहेत. आठवड्यातून एका सकाळी एखादी गल्ली मुलांच्या स्वाधीन करणे आपल्या वडीलधाऱ्यांना अशक्य नाही; मात्र मुलांनी ते आदराने आणि आग्रहाने मागितले पाहिजे.

खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर मला एकदा शाळेच्या फरसबंद अंगणात दोन मुलांनी दाखवले. एकाजवळ स्केट्स होते, दुसऱ्याजवळ नव्हते. त्यांनी एकेक बूट वाटून घेतला. एक पाय चाकावर आणि दुसरा जमिनीवर ठेवून दोघे रबरी चेंडूमागे धावू लागले. जमिनीवरच्या पायाने चेंडू मारायचा नाही, असा नियमही त्यांनी तेथल्या तेथे ठरवला. थोड्या वेळाने वाद झाला, तेव्हा नियम थोडा बदलला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. उपकरण अर्धे झाले. पण खेळाचा आनंद अर्धा झाला नाही. तो नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता, म्हणूनच तो दोघांनीही मनापासून पाळला.

विद्यार्थिमित्रांनो, ज्या खो-खोला आपण आपला जुना खेळ म्हणतो, त्याचेही नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली बसवले गेले. नियम माणसेच करतात आणि गरज पडली तर माणसेच ते सुधारतात. तेव्हा तुम्हीही नवे खेळ रचा. रचलेल्या खेळाला तीन प्रश्न विचारा: यात सर्वांत दुबळ्या गड्याला वाव आहे काय? नियम सर्वांना सारखा आहे काय? आज हरलेल्याला उद्या पुन्हा खेळायला यावेसे वाटेल काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे आले, तर लोक हसले तरी खेळ सोडू नका. आणि दुसऱ्या कोणाचा नवा खेळ पाहून तुम्हाला हसू आले, तर हसण्यापूर्वी एक डाव त्याच्याबरोबर खेळून पाहा.