दीड कोटींचा तह

१० फेब्रुवारी १८४६ रोजी सतलजच्या काठी सोबरावच्या लढाईत शिखांची खालसा फौज इंग्रजांपुढे हरली आणि महिन्याच्या आत, ९ मार्चला, लाहोरचा तह झाला. महाराजा रणजितसिंहांना जाऊन पुरती सात वर्षेही झाली नव्हती. गादीवर होते दुलीपसिंह, वय वर्षे सात. इंग्रजांनी सुपीक जालंदर दुआब घेतला, फौज २५ पलटणी आणि १२ हजार स्वारांवर आणली आणि वर युद्धखर्चाचे म्हणून दीड कोटी रुपये मागितले.

एवढी रक्कम लाहोर दरबार एकदम देऊ शकत नाही, हे खुद्द तहाच्या कलमातच नमूद आहे. म्हणून पन्नास लाख रोख ठरले आणि उरलेल्या कोटीपोटी बियास ते सिंधूमधला डोंगरी मुलूख काश्मीर-हजारासह लिहून घेतला गेला. वसुलीचा मुलूख आधी काढून घ्यायचा आणि मग त्याच खजिन्याकडे पैसे मागायचे, याचा आम्हाला एकच अर्थ दिसतो. रक्कम फिटावी अशी इच्छाच नव्हती. राज्य खिळखिळे व्हावे ही होती.

सातच दिवसांनी, १६ मार्चला, अमृतसरला दुसरा तह झाला. कोटीपोटी मिळालेल्या मुलखाचा काही भाग इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला आणि बाकीचा ७५ लाख नानकशाही रुपयांना जम्मूच्या गुलाबसिंहांना दिला. लाहोरच्या वतीने इंग्रजांशी बोलणी करणारे हेच गुलाबसिंह. वर्षाकाठी नजराणा ठरला एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा शेळ्या-बोकड आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. तहाला दहा कलमे आहेत. सरहद्दी आहेत, हप्त्यांची मुदत आहे, पुरुष वारसांचा हक्क आहे. तिथे राहणाऱ्या माणसांबद्दल एक अक्षर नाही.

त्या शाली विणणारा माणूस पाहा. कारखान्यात नक्षीची सांकेतिक लिपी, तालीम, वाचली जाई आणि विणकर त्याप्रमाणे रंगीत लोकरीच्या लहान लाकडी काड्या एकेका ताण्यातून फिरवी. एक शाल उतरायला वर्ष-दीड वर्षही लागे. तिच्यावर ‘दागशाल’ खात्याचा शिक्का बसे आणि किमतीचा सुमारे पाव हिस्सा सरकारात जमा होई. हा कर गुलाबसिंहांच्या डोगरा राजवटीआधीचा. पण मुलूख ज्याने रोख मोजून घेतला, तो असा हुकमी वसुलीचा कर का सोडील? विणकरांनी पंजाबात पळून जायला सुरुवात केली. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरात झालडगर भागात त्यांचा मोर्चा निघाला, तेव्हा त्यावर फौज घातली गेली आणि कित्येक जण पाण्यात बुडून मेले. सोबरावच्या लढाईशी या लोकांचा काय संबंध होता?

लाहोरचेही काही वाचले नाही. डिसेंबर १८४६ मध्ये भैरोवालचा तह होऊन इंग्रजी फौजेच्या खर्चासाठी वर्षाला २२ लाखांचा बोजा पडला. अपमानाने धुमसणाऱ्या शिपायांनी १८४८ मध्ये पुन्हा शस्त्र उचलले आणि २९ मार्च १८४९ रोजी पंजाब खालसा झाला.

सगळ्याच देशांची अशी गत होत नाही, हेही खरे. १८७१ मध्ये युद्ध जिंकून जर्मनीने फ्रान्सवर पाच अब्ज फ्रँक लादले, ते फ्रान्सने कर्जरोखे काढून १८७३ मध्ये मुदतीआधीच फेडले. फ्रान्सकडे पत होती, बाजार होता, लोकांच्या हाती बचत होती. आणि तरीही त्याची झळ दूरवर गेलीच. काश्मिरी शालींचे मोठे गिऱ्हाईक फ्रान्स होते. त्या युद्धानंतर ती मागणी बसली आणि पाठोपाठ १८७७ च्या दुष्काळात विणकरांची घरेच्या घरे उठली.

यात मराठ्यांनी हात झटकू नयेत. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूकडून तीन कोटी तीस लाख आणि निम्मे राज्य घेतले गेले, दोन मुलगे ओलीस राहिले, आणि त्या मुलखात इंग्रज व निजामाबरोबर तिसरा वाटा पुण्याचा होता. सात वर्षांत टिपू संपला. पुढच्या चार वर्षांत वसईचा तह होऊन पेशवे स्वतःच इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली आले.

अमृतसरच्या तहाला शंभर वर्षे झाली त्याच साली, मे १९४६ मध्ये, काश्मिरी नेते शेख अब्दुल्लांनी ‘काश्मीर छोडो’ची हाक दिली. मागणी होती तो तह रद्द करण्याची. त्यांच्या लेखी ते विक्रीखत होते. डोगरा सरकारने त्यांना तुरुंगात टाकले.