पासवर्ड देऊन माणूस पाठवा

आमच्या घरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या माननीय ग्राहकसेवा प्रमुखांस,



माझी तक्रार पुन्हा बंद झाली. 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे' हा एसएमएस मिळाला. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, म्हणून तेवढा तरी पोचतो.

तुमचा माणूस येतो, राउटरच्या पेटीला लॅपटॉपची वायर जोडतो, ९४ एमबीपीएसचा आकडा दाखवतो आणि 'लाइन ओके आहे साहेब' म्हणून निघतो. अहो, लाइन ओकेच आहे! फायबरला नावं ठेवली कोणी? दुखणं त्या पेटीचं आहे.

तुम्ही दिलेला राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्या पट्ट्याची एकूण रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. चॅनेल दिसायला १३, पण शेजारच्या दोन चॅनेलांत अंतर ५चं आणि सिग्नलची रुंदी २०. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे तीनच उरतात, १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत २८ घरं, बहुतेकांकडे तुमचीच पेटी, आणि ती कारखान्यातूनच ४० मेगाहर्ट्झवर लावून आलेली. म्हणजे एकेका घराने जवळजवळ अर्धा पट्टा अडवायचा. त्यात ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्हही २.४५वर. तीन नळ आणि अठ्ठावीस बिऱ्हाडं, भांडण होणारच. १०० एमबीपीएसचे पैसे भरून आतल्या खोलीत साधा व्हिडिओ कॉल टिकत नाही.

सरकारने २०१८ मध्येच ५ गिगाहर्ट्झमधली ६०५ मेगाहर्ट्झ जागा विनापरवाना खुली केली. सातपटीहून जास्त. आपल्या नजरेस ती आली असावी, कारण दोन्ही पट्ट्यांचा राउटर मागितला की दरमहा जादा भाडं सांगता. (५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे दमतो, हे ठाऊक आहे. म्हणूनच पेटी चपलांच्या स्टँडवरून हलवून घराच्या मध्यावर लावा म्हणतोय. पण केबल नेमकी त्या स्टँडपर्यंतच पुरते!)

बरं, चॅनेल मीच बदलतो म्हटलं, तर सेटिंगचा पासवर्ड तुम्ही कुलपात ठेवलेला. बिघाड 'ग्राहकाच्या घरातला' आणि किल्ली मात्र कंपनीची. बिलावर १८ टक्के जीएसटी न चुकता लागतो.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४च्या नियमांप्रमाणे बिघाड तीन दिवसांहून जास्त लांबला तर भरपाई द्यावी लागते. तुमच्याकडे तक्रार दुसऱ्याच दिवशी 'सुटते', मग तिसरा दिवस उजाडणार कसा? हा योगायोग आहे असं मी मानत नाही. ही लबाडी आहे, आणि ती वरून ठरवून दिल्याशिवाय खालचा पोरगा करणार नाही. त्याच्यावर माझा राग नाही.

तुमच्याच अपील प्राधिकरणाकडे अर्ज दिला आहे. निकालाला ३९ दिवसांची मुदत असते. तेवढं थांबायची तुमची इच्छा नसेल तर रुंदी २०वर आणा, चॅनेल इमारतीत वाटून द्या, राउटर बदला. आणि पुढच्या वेळी माणूस लॅपटॉपशिवाय आला तरी चालेल, पासवर्ड देऊन पाठवा.

आपला,
बिल वेळेवर भरणारा एक ग्राहक
डोंबिवली (पूर्व)