सुईचा मान आणि सुईचे माप

साठी ओलांडलेल्या माणसांच्या घरात गुडघेदुखी आणि कंबरदुखी हे कायमचे पाहुणे असतात. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की पोट आणि मूत्रपिंडे तक्रार करू लागतात. मग कोणीतरी अॅक्युपंक्चरचे नाव सुचवतो आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, 'हजारो वर्षांची विद्या खोटी कशी असेल?' दुसरा म्हणतो, 'हे सारे थोतांड!' दुखणे ज्याचे आहे, त्याला मात्र या वादातून काहीच मिळत नाही.

या चिनी विद्येशी आपला संबंध जुना आहे. १९३८ मध्ये भारतातून चीनमध्ये गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. रुग्णसेवा करीत असतानाच १९४२ मध्ये त्यांनी तेथे देह ठेवला. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनमध्ये जाऊन ही विद्या शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी कोलकात्यात तिचा वापर सुरू केला.

श्रद्धा आणि उपहास बाजूला ठेवून पुरावा काय सांगतो, ते पाहू. २००७ मध्ये जर्मनीतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले होते. सहा महिन्यांनी, शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला होता. भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना; तर औषधे व व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांवरील रुग्णांपैकी केवळ २७.४ टक्क्यांना. याचा अर्थ सरळ आहे. रुग्णाला मिळणारा आराम खरा आहे. पण तो 'ची' नामक प्राणशक्तीच्या वाहिन्यांवरील नेमक्या बिंदूंमुळेच मिळतो, हा दावा मात्र या चाचणीत टिकला नाही. आरामाचे श्रेय सुईला द्यावे, परंतु तिच्या सिद्धान्ताला आंधळी मान्यता देऊ नये.

परंपरेचा खरा सन्मान कसा करावा, हेही चीननेच दाखवून दिले आहे. तू यूयू या संशोधिकेला चौथ्या शतकातील एका वैद्यकग्रंथात तापावरील वनस्पतीचा उल्लेख सापडला. आपल्या दवण्याच्या कुळातील त्या वनस्पतीपासून त्यांनी हिवतापावरचे औषध वेगळे काढले, प्रयोगांनी पारखले आणि त्यासाठी २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याउलट, १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणामुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. प्राचीनत्व हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे!

हा धडा आपल्यालाही लागू आहे. चरकसंहिता आप्तोपदेशाबरोबरच प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांनाही प्रमाण मानते. केवळ 'पूर्वजांनी सांगितले' एवढ्यावर थांबण्याची आपली परंपराच नव्हे. जी कसोटी परक्या विद्येला लावायची, तीच आपल्या काढ्यांना आणि भस्मांनाही लावण्याचे धैर्य आपल्यापाशी हवे. स्वाभिमान कसोटीला भीत नसतो.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये अॅक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तथापि शासनाची मान्यता म्हणजे प्रत्येक आजारावरील हमी नव्हे. म्हणून ज्येष्ठांच्या दुखण्याचे निदान आधी डॉक्टरांकडून करून घ्यावे. कारण कंबरदुखीआड कधी कधी गंभीर आजार दडलेला असतो आणि तेथे वेदना शमविणे म्हणजे इशारा देणारी घंटाच बंद करणे होय. उपचार प्रशिक्षित व्यक्तीकडेच घ्यावेत, सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात आणि चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. काही बैठकांनंतर गुण आला नाही, तर थांबण्यात कमीपणा नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना जिना सुखाने चढता यावा, हे महत्त्वाचे. वाद कोणी जिंकला, हे नव्हे.