खोलीची ओल आणि यंत्रावरील आकडा

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. येथील पाऊस कोकणातल्यासारखा कोसळत नाही. परंतु तो रेंगाळतो. जूनमध्ये आरंभ झालेल्या पावसाला खरा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात चढतो आणि तोवर सकाळच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही वर असते. कपाटातील रेशमी साड्यांना कुबट वास येऊ लागतो, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, दम्याच्या रोग्याचा खोकला बळावतो. अशा वेळी घरात डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील बाष्पाचे थंड नळ्यांवर पाणी करून ते साठवणारे यंत्र, आणण्याचा विचार होतो. दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की खोली किती चौरस फुटांची? हा प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे, आणि केवळ त्याच्या उत्तरावर विसंबून केलेली खरेदी पुष्कळदा वाया जाते.

थोडे गणित करून पाहावे. १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा मावते. तापमान २४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असता त्या हवेच्या प्रत्येक घनमीटरात सुमारे साडेसतरा ग्रॅम बाष्प असते; आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणावयाची तर ते बारा ग्रॅमपर्यंत उतरवावे लागते. म्हणजे साऱ्या खोलीतून काढावयाचे पाणी पाव लिटरदेखील भरत नाही! मग दिवसाला २० लिटर पाणी काढणारे यंत्र हवे कशाला?

ते हवे, कारण खोली म्हणजे बंद डबा नव्हे. दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी फटींतून बाहेरची हवा आत येतच असते. दर दोन तासांनी खोलीतील हवा एकदा बदलते असे धरले, तर दिवसाकाठी अडीच लिटरांहून अधिक पाणी नव्याने आत येते. खिडकी उघडी राहून तीच हवा तासाला पाच वेळा बदलली, तर हा आकडा २६ लिटरांवर जातो. मग ते यंत्र खोली नव्हे, सारे बंगळूर वाळवू पाहत असते. धुलाई यंत्रातून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत दोन-अडीच लिटर पाणी सहज उरते. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते, ही गोष्ट तर फारच थोड्यांच्या ध्यानात येते. तेव्हा खोलीच्या क्षेत्रफळापेक्षा तिच्यात पाणी कोठून येते, हे आधी पाहिले पाहिजे.

यंत्रावरील आकडाही जपून वाचावा लागतो. ‘दिवसाला २० लिटर’ ही क्षमता पुष्कळदा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता यांना धरून दिलेली असते. बंगळूरच्या पावसाळी घरातील हवा त्याहून पुष्कळ थंड असते आणि यंत्र चालू लागल्यावर ती कोरडीही होत जाते. तेथे प्रत्यक्षात निम्मे पाणी निघाले तरी समाधान मानावे. अमेरिकेत २०१९ मध्ये चाचणीचे तापमान सुमारे २७ अंशांवरून १८ अंशांवर आणण्यात आले, तेव्हा ७० पाइंटांची म्हणून विकली जाणारी यंत्रे ५० पाइंटांची ठरली. यंत्र तेच राहिले, आकडा तेवढा खरा झाला.

या दृष्टीने मध्यम क्षमतेचे एकच, चाकांवर फिरवता येणारे आणि ठरावीक आर्द्रतेला आपोआप थांबणारे यंत्र बंगळूरच्या बहुतेक घरांना पुरेसे आहे. त्याची खरी जागा म्हणजे पावसाळ्यात कपडे वाळत घालण्याची खोली. मग ती कितीही लहान असो. पुस्तकांच्या बंद खोलीतही ते उत्तम काम देते. सार्वजनिक ग्रंथालयांनीही हे ध्यानात घ्यावे, की दिवसभर उघड्या असणाऱ्या वाचनकक्षात यंत्र ठेवणे व्यर्थ, तर ग्रंथांच्या बंद दालनात ते लाखमोलाचे आहे. स्वयंपाकघर आणि स्नानगृह यांना बाहेर हवा फेकणारा पंखाच योग्य. शयनगृहात यंत्र लावायचे तर निजण्यापूर्वी दोन तास लावून बंद करावे. कारण बाष्पाचे पाणी होताना मुक्त होणारी उष्णता आणि यंत्राने वापरलेली वीज ही दोन्ही खोलीतच राहतात. हे यंत्र हवा गार करत नाही, उलट किंचित तापवते. कपाटापुरती ओल असेल तर कॅल्शियम क्लोराइडची डबी पुरते. हातात मावणाऱ्या विजेच्या चिमुकल्या यंत्रांनी खोली वाळेल, ही आशा मात्र कोणी बाळगू नये.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी कराव्यात. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक आणून आठवडाभर सकाळ-दुपारची नोंद ठेवावी. बंगळूरला पावसाळ्यातही दुपारी हवा पुष्कळ कोरडी होते. तेवढा वेळ खिडक्या उघडून काम भागत असेल, तर यंत्राचा खर्च वाचतो. दुसरे, डाग पडलेल्या भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब कागदाच्या बाहेरच्या अंगाला जमले तर दोष हवेचा. ते आतल्या अंगाला जमले तर ओल भिंतीतून येत आहे. गच्चीला भेग असेल किंवा नळ झिरपत असेल. तेथे यंत्र रात्रंदिवस चालेल, विजेचे बिल वाढेल आणि गिलावा मात्र पडतच राहील. अशा घरी आधी गवंडी बोलवावा.