दोन भाषांच्या सीमेवरची अफवा

ऑक्टोबर 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर. इथे घरात मराठी, कचेरीत हिंदी. त्यामुळे खोट्या चित्रफितीला दोन्ही भाषांची वाट मोकळी असते. पुढच्याच महिन्यातल्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी ‘कौन बनेगा करोडपती’च्या दृश्यांवर बनावट आवाज चढवून राज्याच्या राजकारणावरचे प्रश्न पसरवले गेले. वाहिनीला खुलासा करावा लागला. मंच ओळखीचा, चेहराही ओळखीचा. म्हणूनच अशा खोट्यावर चटकन विश्वास बसतो.

धोका मतापुरता नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी फिरते या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारले. त्यासाठी डीपफेकही लागला नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी 5 चॅटमध्येच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. ती हवीच होती, पण पुरेशी नाही. संदेशावर दुहेरी बाण असला, तर तो अनेक हातांतून आलेला असतो. तिथेच बोट थांबावे. अशा खोट्या संदेशातून फसवणूक होऊन पैसे गेले, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. आणि प्रशासनाने आपला खुलासा हिंदीसोबत मराठीतही, त्याच दिवशी काढावा.