मुलाला चार दिवस ‘ठेवायचं’, पण कुठे?

रक्तदाबासाठी माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचे अंग बाहेर येत होते. वय 58. गर्भाशय खाली उतरले आहे, ऑपरेशन करून घ्या, असे स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगून तीन वर्षे झाली होती. पण ऑपरेशननंतर दीड महिना वजन उचलायचे नाही, आणि त्यांच्या घरातले वजन म्हणजे 70 किलोचा, 26 वर्षांचा मुलगा. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, फिट येतात, चार-पाच शब्दांपलीकडे तो बोलत नाही. अंघोळ, कपडे, संडास सगळे आईच्याच हाताने. “याला कोण बघणार, डॉक्टर?” या प्रश्नावर आमचे बोलणे दर वेळी थांबायचे.

शेवटी त्याला महिनाभर एका संस्थेत ठेवायचे ठरले. संस्थेला सर्टिफिकेट हवे होते. मी लिहिले, ‘संसर्गजन्य आजार नाही. फिटच्या गोळ्या चालू ठेवाव्यात.’ सही, शिक्का. दोन मिनिटांचे काम.

मुलगा परत आला तो पेंगुळलेला, वाळलेला, आणि उजव्या कानातून पू वाहत होता. संस्थेच्या वहीत तिसऱ्या आठवड्यापासून नोंद होती: ‘स्वतःला मारतो, ऐकत नाही.’ म्हणून झोपेची गोळी सुरू केलेली. आई म्हणाली, “कान दुखला की तो कानावर चापट्या मारून घेतो. लहानपणापासूनचं आहे. मला कुणी विचारलंच नाही.”

संस्थेने विचारले नाही, हे खरे. मीही विचारले नव्हते.

घरच्या माणसाला थोडी उसंत मिळावी म्हणून अशा व्यक्तीचा काही दिवस दुसऱ्याने सांभाळ करायचा, याला रेस्पाइट केअर म्हणतात. आपल्याकडे त्याला अजून धड शब्द नाही. लोक ‘ठेवायला’ म्हणतात, सामान ठेवतात तसे. त्यामुळे आईला अपराधी वाटते, आणि नातेवाईक ‘टाकून आलात का?’ म्हणायला मोकळे. खरे तर या आयांची पाठ, गुडघे, झोप यांची अवस्था मी रोज बघतो. त्यांना विसावा हवा हे माझ्या लेखी औषधाइतकेच गरजेचे आहे. पण तो विसावा मुलाच्या जिवावर मिळत असेल तर कोणती आई पुन्हा पाठवेल?

संस्था बघायला गेलेले पालक फरशी, बाग आणि सीसीटीव्ही बघून येतात. माझे मत असे, की त्यांनी तुम्हाला किती प्रश्न विचारले ते मोजा. तो काय खातो, घास अडकतो का, पोट रोज साफ होते का, फिट कशी येते, दुखले तर कसे दाखवतो, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो. पैसे आणि आधारकार्ड सोडून काही विचारले नाही, तर बाग कितीही सुंदर असो, तिथून परत या. दुसरे म्हणजे, सकाळी अकराला न जाता रात्रीच्या जेवणाच्या वेळी जा. रात्री जागे कोण असते, एका माणसाकडे किती जण असतात, ते तेव्हाच कळते.

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचे वागणे एकाएकी बदलले की आधी दुखणे शोधायचे असते. कान, दाढ, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग. ‘ही मुलं अशीच वागतात’ म्हणून सोडून देण्याची चूक संस्थाच नव्हे, आम्ही डॉक्टरही करतो. घरच्यांना आणि डॉक्टरला न विचारता झोपेची गोळी देता कामा नये. फिटच्या गोळीची वेळ चुकवायची नाही, आणि काही गोळ्या कुटून भातात मिसळायच्या नसतात, हेही लिहून द्यावे लागते. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर थेट रुग्णालय. अंघोळीला एकट्याला सोडायचे नाही.

पहिला मुक्काम ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको. आधी एक दुपार, मग एक रात्र, मग दोन. मुलालाही सवय होते आणि संस्थेलाही.

सरकारने काही केले नाही असे नाही. 1999 च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या ‘समर्थ’ योजनेत अशा तात्पुरत्या निवासाची कल्पना आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे. पण मला भेटणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांनी ‘समर्थ’चे नावही ऐकलेले नसते. आणि अनुदान देताना खाटांबरोबर रात्रपाळीची माणसे आणि त्यांचे प्रशिक्षणही तपासले पाहिजे. तुटपुंज्या पगारावर रात्रभर एकट्या मावशीने सगळ्यांकडे बघायचे, आणि चूक झाली की दोषही तिलाच द्यायचा, हे मला पटत नाही.

त्या ताईंचे आता मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे. मुलाला वेगळ्या संस्थेत दोन वेळा एकेक रात्र ठेवून पाहिले, बरा राहिला. या वेळी त्याच्याबद्दलचा कागद त्यांनी स्वतः लिहून आणला. मी औषधांचे डोस आणि वेळा भरल्या, कानाचे वाक्य सगळ्यात वर घेतले. दोन पाने झाली.